कृषि विद्यापीठाची निवड

बारावीच्या विज्ञान शाखेचा निकाल हाती आला म्हणजे शेतकरी कुटुंबांत पुढील शिक्षणाची बोलणी सुरू होतात. मुलास अथवा मुलीस शेतकीचे उच्च शिक्षण द्यावे असे ठरते. परंतु ते कोठे द्यावे, या प्रश्नाचा विचार पुष्कळदा फारसा होत नाही. शेजारच्या गावचा कोणी तरी अमुक महाविद्यालयात आहे, किंवा तालुक्याच्या गावी कोणी गृहस्थ जागा मिळवून देतो म्हणतात, एवढ्यावर निर्णय होतो. बियाणे विकत घेताना जो शेतकरी चार दुकाने हिंडतो, पिशवीवरील खूणचिठ्ठी वाचून पाहतो, तोच मुलाच्या चार वर्षांच्या शिक्षणाबाबत इतकी चौकशी करीत नाही, ही खेदाची गोष्ट होय. खाजगी महाविद्यालयात चार वर्षे शिकविण्यास जो पैसा लागतो त्यात कित्येक ठिकाणी एक विहीर बांधून पुरी होईल. शिवाय विहिरीला पाणी लागले नाही तर दुसरीकडे खणता येते. मुलाची गेलेली चार वर्षे परत आणता येत नाहीत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास याबाबत सल्ला विचारला जातो व त्याच्या शब्दास गावात मान असतो. यास्तव महाराष्ट्रातील कृषि विद्यापीठांची रचना कशी आहे, प्रवेश कोणत्या वाटेने होतो आणि निवड करताना कोणत्या गोष्टी पारखून घ्याव्यात, याची माहिती त्याच्यापाशी असणे अगत्याचे आहे.

विभागवार विद्यापीठे कशासाठी

पुणे व नागपूर येथील कृषि महाविद्यालये विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासूनची आहेत. परंतु त्या काळी शिक्षण, संशोधन व विस्तार ही तीन कामे निरनिराळ्या हातांत होती. महाविद्यालयाचा अभ्यासक्रम व परीक्षा सर्वसाधारण विद्यापीठाकडे, पिकांवरील प्रयोग कृषि खात्याच्या संशोधन केंद्रांवर, आणि त्या प्रयोगांचे निष्कर्ष शेतकऱ्यांपर्यंत पोचविण्याचे काम विस्तार अधिकाऱ्यांकडे. शिकविणारा प्राध्यापक शेतावरील प्रयोगापासून दूर राही आणि प्रयोग करणाऱ्यास विद्यार्थी मिळत नसत. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४९ साली ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली. अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने सरकारी जमिनींच्या देणगीतून प्रत्येक राज्यात शेतकीचे शिक्षण देणारी सार्वजनिक महाविद्यालये उभी राहिली होती व तेथे ही तिन्ही कामे एकाच छत्राखाली चालत. तोच नमुना पुढे ठेवून १९६० साली तराईतील पंतनगर येथे भारताचे पहिले कृषि विद्यापीठ स्थापन झाले.

महाराष्ट्रात १९६८ साली राहुरी येथील विद्यापीठ प्रथम निघाले. आरंभी त्याचे कार्यक्षेत्र सर्व राज्य होते. तथापि महाराष्ट्राची शेती एकसारखी नाही. कोकणातील जांभ्या दगडाची तांबडी जमीन आणि विदर्भातील कपाशीची काळी जमीन यांचा विचार एका जागी बसून करता येणे अवघड होते. विदर्भात स्वतंत्र कृषि विद्यापीठासाठी १९६७ साली आंदोलन झालेच होते. १९६९ साली अकोला येथे विदर्भासाठी, आणि १९७२ साली परभणी येथे मराठवाड्यासाठी व दापोली येथे कोकणासाठी विद्यापीठे स्थापन झाली. आज त्यांची नावे अनुक्रमे महात्मा फुले कृषि विद्यापीठ, राहुरी, डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ, अकोला. वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठ, परभणी आणि डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषि विद्यापीठ, दापोली अशी आहेत. पशुवैद्यक शिक्षणासाठी २००० साली नागपूर येथे महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठ निराळे करण्यात आले व पूर्वी कृषि विद्यापीठांकडे असलेली पशुवैद्यक महाविद्यालये त्याच्याकडे गेली. जनावरांचा डॉक्टर व्हावयाचे म्हणून अकोल्याच्या किंवा परभणीच्या कृषि विद्यापीठाकडे चौकशी करणारे पालक अद्यापि भेटतात. त्यांस ही गोष्ट समजावून सांगावी.

जमीन, पाऊस आणि विद्यापीठाचे काम

विभागाचे विद्यापीठ निवडताना पहिला विचार असा करावा की, मुलगा शिक्षण घेऊन परत आला म्हणजे त्याच्यापुढे कोणती जमीन व कोणते पीक असणार आहे. पदवीचा अभ्यासक्रम सर्व विद्यापीठांत बहुतांशी सारखा असतो, कारण त्याचा आराखडा भारतीय कृषि अनुसंधान परिषदेने नेमलेल्या अधिष्ठाता समित्या ठरवितात. मृदाशास्त्र, वनस्पतिरोगशास्त्र, कीटकशास्त्र, कृषिविद्या, अर्थशास्त्र हे विषय दापोलीसही असतात आणि अकोल्यासही. मग फरक कोठे पडतो? फरक पडतो तो वर्गाबाहेर. प्रात्यक्षिकाला विद्यार्थी ज्या शेतात उतरतो, ज्या झाडावरची कीड भिंगाखाली पाहतो, ज्या शास्त्रज्ञाच्या प्रक्षेत्रावर चार दिवस काम करतो, ते सारे त्या विभागाचे असते.

दापोलीस वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. राहुरीच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात तो पाचशेच्या आसपास असतो. एका ठिकाणी विद्यार्थी पाण्याचा निचरा व जमिनीची धूप यांचा विचार शिकतो, दुसऱ्या ठिकाणी ओल टिकविण्याचा. कोकणच्या विद्यापीठाचे काम पाहावयाचे तर वेंगुर्ल्याचे फळसंशोधन केंद्र पाहावे. हापूसच्या गरात होणाऱ्या साक्याने कोकणातील बागायतदार त्रस्त होते. नीलम व हापूस यांच्या संकरातून १९८१ साली प्रसारित झालेल्या रत्ना या जातीत साका होत नाही. वेंगुर्ला ४ व वेंगुर्ला ७ या काजूच्या जातींची कलमे कोकणात सर्वत्र दिसतात. १९९० साली फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडली गेली तेव्हा कातळावरील व डोंगरउतारावरील पडीत जमिनी लागवडीखाली आणण्यास या कलमांचा मोठा उपयोग झाला. भाताचे काम कर्जतला चालते, नारळाचे रत्नागिरीजवळ भाट्ये येथे, आणि खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या भातजातींचे काम पनवेलला.

राहुरीचे क्षेत्र फार विस्तृत आहे. त्यात नंदुरबारपासून कोल्हापूरपर्यंत दहा जिल्हे येतात. नीरा नदीच्या खोऱ्यातील पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासूनचे, म्हणजे विद्यापीठाहून छत्तीस वर्षांनी जुने. राज्यातील फार मोठ्या उसाच्या क्षेत्रावर पसरलेला को ८६०३२ हा वाण १९९६ साली नीरा या नावाने प्रसारित करण्यात आला, त्यामागे या केंद्राचे काम आहे. सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन १९३३ पासून चालू आहे. निफाडला गहू, जळगावला केळी व तेलबिया, कसबे डिग्रजला सोयाबीन. डाळिंबाचा भगवा हा वाण याच विद्यापीठाचा. ज्याच्या घरी ऊस, द्राक्षे किंवा डाळिंब आहे अशा मुलास येथे आपल्याच शेतातील प्रश्न शिकावयास मिळतात.

परभणीचे विद्यापीठ मुख्यत्वे कोरडवाहू पिकांचे आहे. मराठवाड्यात तुरीच्या पिकावर मर आणि वांझ हे दोन रोग येत व उभे पीक हातचे जाई. जालना जिल्ह्यातील बदनापूरच्या केंद्राने या दोन्ही रोगांस प्रतिकारक्षम असा बीएसएमआर ७३६ हा वाण दिला. नांदेडच्या केंद्राचा एनएचएच ४४ हा संकरित कापूस जनुकीय बदल केलेली बियाणी येण्यापूर्वी शेतकऱ्यांच्या फार पसंतीचा होता. एमएयूएस ७१ सारख्या सोयाबीनच्या जाती, परभणी मोती व परभणी शक्ती या ज्वारीच्या जाती याच विद्यापीठाच्या. अन्नतंत्राचे महाविद्यालयही परभणीस आहे. धान्य पिकविण्याबरोबर त्यावर प्रक्रिया करण्याची ज्यास आवड आहे त्याने त्याची चौकशी अवश्य करावी. अकोल्यास कपाशी, तूर, हरभरा व संत्रा यांवरील काम मोठे आहे, तर पूर्व विदर्भातील भाताचे काम सिंदेवाहीस होते. चंद्रपूर वा गडचिरोलीच्या धान उत्पादक शेतकऱ्याने विदर्भ म्हणजे केवळ कपाशी असे समजून दुसरीकडे पाहू नये.

वरील विवेचनावरून आपल्या विभागाबाहेर जाऊच नये असा अर्थ कोणी काढू नये. बीड जिल्ह्यातील एखाद्या कुटुंबाने नवी फळबाग उभारावयाची ठरविली असेल व मुलास फळशास्त्रात गती असेल, तर त्याने दापोलीचा वा राहुरीचा विचार करण्यास हरकत नाही. वनशास्त्र शिकावयाचे तर दापोली व अकोला ही दोन ठिकाणे डोळ्यांसमोर ठेवावीत. मात्र पुण्यासारख्या मोठ्या शहरी राहावयास मिळेल, स्पर्धा परीक्षेचे वर्ग तेथे आहेत, म्हणून विद्यापीठ निवडणे ही निराळी गोष्ट झाली. तो विचार चुकीचा आहे असे नव्हे. पण मग तो शेतीचा विचार आहे असे सांगून घरच्यांची समजूत घालू नये.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विद्यापीठाचे नाव राहुरी म्हणून विद्यार्थी राहुरीलाच राहील असे नाही. त्या विद्यापीठाची जुनी कृषि महाविद्यालये पुणे, धुळे व कोल्हापूर येथे आहेत. परभणीच्या विद्यापीठाची महाविद्यालये लातूर, अंबाजोगाई, बदनापूर येथेही आहेत; अकोल्याचे नागपूरलाही आहे. धुळ्याची जमीन व हवामान कोल्हापूरहून अगदी वेगळे. म्हणून अर्जात पसंतिक्रम भरताना विद्यापीठाबरोबर महाविद्यालयाचे गावही पाहावे लागते.

घटक आणि संलग्न महाविद्यालये

निवडीत सर्वांत अधिक फसगत होते ती येथे. विद्यापीठाची स्वतःची जी महाविद्यालये असतात त्यांस घटक महाविद्यालये म्हणतात. त्यांचा खर्च शासन चालविते, शुल्क बेताचे असते, आणि विद्यापीठाचे प्रक्षेत्र, प्रयोगशाळा व ग्रंथालय विद्यार्थ्यास उपलब्ध असते. याशिवाय खाजगी संस्थांनी काढलेली व विद्यापीठाशी संलग्न असलेली महाविद्यालये आहेत. त्यांपैकी बहुतेक विनाअनुदानित असून त्यांचे शुल्क घटक महाविद्यालयाच्या कित्येक पट असते. पदवी दोन्हींकडे त्याच विद्यापीठाची मिळते, त्यामुळे पालकांस वाटते की दोन्ही एकच. वास्तविक तसे नाही. काही संलग्न महाविद्यालये उत्तम चालविली जातात. त्यांच्यापाशी स्वतःची जमीन, बैलजोडी, ट्रॅक्टर, रोपवाटिका व पुरेसे अध्यापक असतात. काही ठिकाणी इमारत उभी असते आणि प्रक्षेत्र कागदावर असते. अशा ठिकाणाहून विद्यार्थी पदवीधर होऊन येतो खरा, पण त्याला पाभर धरता येत नाही.

संलग्न महाविद्यालय पाहताना दोन गोष्टी आधी विचाराव्यात. एक, महाविद्यालयास राज्याच्या कृषि शिक्षण व संशोधन परिषदेने कोणती श्रेणी दिली आहे. ही परिषद पुणे येथे असून चारही विद्यापीठांच्या कामात मेळ घालण्याचे काम ती करते. दुसरी, भारतीय कृषि अनुसंधान परिषदेची अधिस्वीकृती आहे किंवा नाही. ही अधिस्वीकृती विद्यार्थ्यास पहिल्या दिवशी कामास येत नाही, म्हणून तिची कोणी विचारपूस करीत नाही. परंतु पदवीनंतर पदव्युत्तर प्रवेशाचा प्रश्न आला म्हणजे तिचे महत्त्व कळते. अधिस्वीकृती नसलेल्या संस्थेतील पदवीधरांस त्या वेळी अडचण सोसावी लागते. परराज्यातील एखाद्या खाजगी विद्यापीठाची पदवी थोड्या पैशात व हजेरीवाचून मिळते असे सांगणारा कोणी आला, तर हाच प्रश्न त्यास लेखी विचारावा. बहुधा तो पुन्हा येणार नाही.

प्रवेशाची वाट

बारावीनंतर विचार करू, असे म्हणणाऱ्या पालकास उशीर झालेला असतो. कृषि पदवीसाठी अकरावी-बारावी विज्ञान शाखेतून व्हावी लागते. कृषि पदवीस भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राबरोबर गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक चालते. परंतु कृषि अभियांत्रिकीस गणित आवश्यक आहे. दहावीनंतर मुलगा कला शाखेस गेला तर या पदवीचा मार्ग बंद होतो. दहावीनंतर थेट शेतकीकडे वळावयाचे असेल तर कृषि पदविकेचा अभ्यासक्रम उपलब्ध आहे आणि ज्या मुलास लौकर घरच्या शेतीत लक्ष घालावयाचे आहे त्यास तो सोयीचा पडतो.

पदवीचे प्रवेश राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर, केंद्रीभूत पद्धतीने होतात. परीक्षा उन्हाळ्यात होते आणि तिचे अर्ज त्याआधी काही महिने भरावे लागतात. पशुवैद्यक पदवीसाठी मात्र ही परीक्षा चालत नाही. त्या प्रवेशास वैद्यकीय प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा, म्हणजे नीट, द्यावी लागते. दोन्हींचा विचार असल्यास दोन्ही अर्ज वेळेवर भरावेत.

कागदपत्रांच्या बाबतीत ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचे साहाय्य खरोखर मोलाचे ठरते. अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, राखीव प्रवर्गातील उमेदवारास जातीचा दाखला व जातवैधता प्रमाणपत्र, काही प्रवर्गांस नॉन-क्रीमीलेअरचा दाखला, आणि शेतकरी कुटुंबातील असल्याबद्दल सातबारा उतारा, एवढे कागद तयार ठेवावे लागतात. यांपैकी जातवैधतेस सर्वांत अधिक काळ लागतो. अकरावीत असतानाच महाविद्यालयामार्फत तो अर्ज करावा. प्रवेशाच्या फेरीत नाव लागले, पण वैधता हाती नाही म्हणून जागा गेली, असे होऊ देऊ नये. सातबाराचेही तसेच. पुष्कळ घरांत जमीन अजून आजोबांच्या नावे असते, वारसनोंद राहून गेलेली असते, आणि ऐन जून-जुलैत पेरणी सोडून तलाठ्याकडे व तहसील कचेरीत खेटे घालावे लागतात. शेतकरी असल्याचा लाभ प्रवेशात मिळावा असा ज्याचा विचार आहे त्याने ही नोंद आधीच्या हिवाळ्यात पुरी करून घ्यावी. प्रत्येक वर्षीची माहितीपुस्तिका प्रसिद्ध होते तीच प्रमाण मानावी. गेल्या वर्षी शेजाऱ्यास काय लागले होते यावर विसंबू नये.

खर्च व सवलती

केंद्रीभूत फेरीतून प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यास ज्या सवलती मिळतात त्या संस्थेच्या व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशास मिळत नाहीत, ही गोष्ट पैसे देण्यापूर्वी समजून घ्यावी. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, तसेच अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांच्या पाल्यांसाठी असलेली डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना यांचे अर्ज महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर करावयाचे असतात. जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास व इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षणशुल्कात पूर्ण सवलत देण्यात आली व त्यात कृषि शिक्षणाचाही समावेश आहे. मुलीस बारावीनंतर घरी बसविण्याचे कारण पैसा हे असेल, तर कार्यकर्त्याने हा निर्णय त्या घरी जाऊन वाचून दाखवावा.

शिष्यवृत्तीची रक्कम बहुधा उशिरा हाती येते. पहिल्या सत्राचे भोजन, पुस्तके व प्रवास यांची तजवीज घरूनच करावी लागेल हे गृहीत धरून चालावे. सोयाबीन विकले जाण्यापूर्वी हा खर्च येतो, हे शेतकऱ्यास निराळे सांगावयास नको.

येथे पदवीनंतरच्या चाकरीविषयीही दोन शब्द स्पष्टपणे बोलणे अवश्य आहे. शासनाच्या कृषि सेवेतील जागा थोड्या आणि पदवीधर पुष्कळ अशी स्थिती आहे. पदवी म्हणजे सरकारी नोकरी असे समजून कर्ज काढणाऱ्यास पुढे पश्चात्ताप होण्याचा संभव असतो. बँकांत कृषि अधिकाऱ्यांच्या जागा निघतात. बियाणे, खते व सूक्ष्म सिंचनाच्या कंपन्या पदवीधर घेतात. शेतकरी उत्पादक कंपन्यांना जाणकार माणूस लागतो. कीटकनाशकांच्या विक्रीचा परवाना मिळण्यास शैक्षणिक पात्रता लागते व कृषि पदवी तीत बसते, त्यामुळे गावात कृषि सेवा केंद्र काढणाऱ्यास ही पदवी उपयोगी पडते. आणि ज्याच्या घरी पाच-दहा एकर ओलिताची जमीन आहे त्याच्या हिशेबात ही पदवी त्या जमिनीवरच वसूल होऊ शकते.

ज्यास घरचा नांगर सोडून चार वर्षे बाहेर राहता येत नाही अशा तरुणासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. ते १९८९ साली स्थापन झाले व शेतीविषयक शिक्षणक्रम ते मराठीतून चालविते. ज्या नोकरीकरिता वा पुढील शिक्षणाकरिता तो शिक्षणक्रम घ्यावयाचा तेथे तो चालतो काय, एवढे आधी विचारून घ्यावे. स्वतःच्या शेतीपुरते शिकणाऱ्यास तो विचारही करावयास नको.

राज्याबाहेरील व परदेशातील विद्यार्थी

कृषि विद्यापीठांतील जागांचा काही हिस्सा भारतीय कृषि अनुसंधान परिषदेमार्फत अखिल भारतीय पातळीवर भरला जातो. २०२३ पासून ही निवड केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होते. महाराष्ट्रातील मुलास याच वाटेने पंतनगर, लुधियाना किंवा कोइमतूर येथे जाता येते आणि स्वतःच्या राज्याबाहेर शिकणाऱ्यांसाठी परिषदेची राष्ट्रीय प्रतिभा शिष्यवृत्तीही आहे. गोमंतकातील विद्यार्थ्यास दापोलीचा विचार करण्यासारखा आहे, कारण आंबा, काजू, नारळ व खाजण जमीन हे गोव्याचेही प्रश्न आहेत.

परदेशी नागरिकांचे अर्ज निराळ्या मार्गाने, केंद्र सरकारच्या कृषि संशोधन व शिक्षण विभागामार्फत येतात. अफगाणिस्तान व आफ्रिकेतील देशांतून विद्यार्थी भारतातील कृषि विद्यापीठांत शिकावयास आले आहेत. त्यांनीही निवड करताना जमीन व पीक यांचाच विचार करणे हिताचे. टांझानिया किंवा मोझांबिकसारख्या काजूच्या देशातून येणाऱ्यास वेंगुर्ल्याचे कलमांचे काम उपयोगी. ज्वारी-बाजरीच्या कोरडवाहू मुलखातून येणाऱ्यास परभणी वा सोलापूर. नुसते पिकाचे नाव जुळले म्हणून मात्र भागत नाही. कंदाहारचे डाळिंब प्रसिद्ध आहे आणि राहुरीचेही. परंतु कंदाहारच्या थंडीत डाळिंबाची पाने आपोआप गळतात व झाड विश्रांती घेते, तर महाराष्ट्रात झाडाचे पाणी तोडून, ताण देऊन बहार धरावा लागतो. तेथील विद्यार्थ्याने येथे छाटणी, रोगनियंत्रण व प्रतवारी शिकावी, पण बहाराचे वेळापत्रक जसेच्या तसे घरी नेऊ नये.

२०२३ पासून राष्ट्रीय मानांकनात कृषि संस्थांची स्वतंत्र यादी निघू लागली आहे. बाहेरून येणारे विद्यार्थी तीवर फार भिस्त ठेवतात. संशोधनाचा व्याप पाहण्यास ती उपयोगी आहे; वसतिगृहात खोली मिळेल काय आणि प्रात्यक्षिकास एका अध्यापकामागे किती विद्यार्थी असतील, हे तीत वाचावयास मिळत नाही.

प्रत्यक्ष जाऊन पाहावे

निर्णयापूर्वी एकदा तरी महाविद्यालय डोळ्यांनी पाहावे. त्यासाठी विद्यापीठांच्या शेतकरी मेळाव्यांचा मुहूर्त चांगला. परभणीस १८ मे रोजी, विद्यापीठाच्या स्थापनादिनी, खरीप पीक परिसंवाद भरतो व मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, १७ सप्टेंबरला, रबीचा. अकोल्यास शिवारफेरी असते. शेतकरी या मेळाव्यांस बियाणे घेण्याकरिता जातातच. बारावीत शिकणाऱ्या मुलास बरोबर न्यावे, एवढेच. राहुरीची कृषिदर्शनी, अकोल्याची कृषि संवादिनी व परभणीची कृषि दैनंदिनी ही वार्षिक पुस्तके थोड्या किमतीत मिळतात. त्यांत विद्यापीठाची महाविद्यालये, संशोधन केंद्रे व शिफारशी दिलेल्या असतात. मुलाने ती चाळून पाहिली व त्यास त्यांत गोडी वाटली नाही, तर तीही एक उपयुक्त माहितीच समजावी.

प्रक्षेत्रावर गेल्यावर उभी पिके पाहावीत, कार्यालयाची दालने नव्हेत. विद्यार्थ्यांस स्वतःचे वाफे दिलेले आहेत काय, त्यांवर त्यांची नावे आहेत काय, हे पाहावे. वसतिगृहातील दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोलावे. किती अध्यापक कायम आहेत व किती तासिकांवर येतात, कार्यशाळेतील यंत्रे विद्यार्थी चालवितात की केवळ पाहतात, मुलींच्या वसतिगृहात सर्वांस जागा मिळते काय, हे त्यांच्याकडून जितके कळते तितके माहितीपत्रकातून कळत नाही.

विचारण्यासारखी माणसे गावातही येतात. पदवीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कृषि कार्यानुभवासाठी खरिपाच्या हंगामात गावोगावी राहतात. त्यांस कृषिदूत व कृषिकन्या म्हणतात. ते बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक दाखवितात, माती परीक्षणाचे नमुने घेतात, शाळेत वृक्षारोपण करतात आणि निघून जातात. त्यांस एक दिवस जेवावयास बोलावून महाविद्यालयाविषयी मोकळेपणी विचारले तर ते खरे सांगतात, कारण त्यांस कोणास प्रवेश मिळवून द्यावयाचा नसतो. त्यांच्या कामावरूनही महाविद्यालयाची पारख होते. बोर्डो मिश्रण करताना मोरचूद व चुन्याची द्रावणे निरनिराळ्या भांड्यांत, प्लॅस्टिकच्या वा लाकडाच्या, तयार करून मग एकत्र ओतणारा विद्यार्थी आणि सारे एकदम लोखंडी बादलीत टाकणारा विद्यार्थी, यांच्या शिक्षणात फरक आहे हे शेतकऱ्याच्या तत्काळ ध्यानात येईल.

प्रवेश निश्चित झाल्यावर जून-जुलैचा जो अवधी मिळतो त्यात एक तयारी करून घ्यावी. पदवीचे शिक्षण व परीक्षा इंग्रजीतून असतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांस पहिल्या सत्रात विषय कळतो, पण शब्द अडतात, आणि पुष्कळ हुशार मुले त्याच सत्रात मागे पडतात. नत्र, स्फुरद, पालाश, कंदकूज, तुडतुडे, आंतरमशागत, सेंद्रिय कर्ब असे जे दोनतीनशे शब्द त्यास घरी मराठीतून माहीत आहेत त्यांचे इंग्रजी प्रतिशब्द एका वहीत लिहून काढावेत. गावाशी संबंध असलेल्या कृषि अधिकाऱ्याकडून किंवा जवळच्या कृषि विज्ञान केंद्रातील तज्ज्ञाकडून ती वही तपासून घ्यावी व वसतिगृहात जाताना पेटीत वर ठेवावी.